स्प्रे टॅन कोपरावरच का फसतो?

‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’सारख्या शरीरसौष्ठव स्पर्धांचे फोटो फिरू लागले की एक प्रश्न ठरलेला असतो. मूळचा सावळाच असलेला मुलगा अंगाला आणखी गडद रंग कशाला लावतो? जरा निरखून पाहणारा पुढचं विचारतो. छाती-पाठ झकास तांबूस-तपकिरी आहे, मग कोपरं काळीठिक्कर का आणि काखेपाशी पांढरी रेघ का? तिकडे ब्रिटन-ऑस्ट्रेलियात नवरी मुलगी लग्नाच्या एक-दोन दिवस आधी पार्लरमध्ये उभी राहून अंगभर टॅनचा, म्हणजे उन्हाने रापल्यासारखा रंग आणणाऱ्या द्रावणाचा, फवारा मारून घेते. तिचीही तक्रार हीच असते: घोट्यावर डाग पडले, बोटांच्या पेरांवर नारिंगी वळी उमटली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येतं. स्टेजवरचे दिवे इतके प्रखर असतात की उजळ अंगावर सावल्याच उरत नाहीत आणि स्नायूंमधल्या खाचा सपाट दिसतात. गडद, किंचित चमकणाऱ्या त्वचेवर उंचवटा उजळतो आणि खाच काळी राहते. महिनोन्‌महिने उकडलेलं चिकन खाऊन काढलेले कट्स परीक्षकांना दिसावेत, एवढाच त्यामागचा हेतू. कोपराच्या प्रश्नाला मात्र थोडं रसायनशास्त्र लागतं. ते एकदा कळलं की पार्लरवाल्यांच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

## फवाऱ्यात असतं काय?

मुख्य घटकाचं नाव डायहायड्रॉक्सिॲसिटोन. यापुढे डीएचए म्हणू. ही तीन कार्बन अणूंची साधी साखर आहे. ग्लिसरीनवर जिवाणू वाढवून ती तयार करतात. मूळ पूड पांढरी असते आणि पाण्यात विरघळवली की तिला म्हणावा असा रंग नसतो. म्हणजे रंग बाटलीत नसतोच, तो अंगावर तयार होतो.

आपल्या त्वचेच्या वरच्या थरात प्रथिनं असतात. डीएचए त्यांतल्या अमिनो आम्लांना भिडतं आणि त्यातून तपकिरी रेणू बनतात. लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली साखर आणि अमिनो आम्लांमधली ही क्रिया मांडली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तव्यावरच्या पोळीला तपकिरी ठिपके पडतात तेही याच कुळातल्या क्रियेने. तव्यावर आच असते म्हणून काम मिनिटभरात उरकतं, अंगावर त्याला तास लागतात. रंग दोन ते चार तासांत दिसू लागतो आणि पुढे दिवसभर मुरत जातो. टॅन केलेल्या अंगाला पहिल्या रात्री जो भाजल्यासारखा वास येतो, तोही इथलाच.

हा गुण सापडला तो अपघाताने. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये ईव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक लहान मुलांच्या ग्लायकोजेन साठण्याच्या आजारावर काम करत होत्या. मुलांना तोंडावाटे डीएचए दिलं जायचं. तोंडातून ओघळलेल्या थेंबांनी काही तासांनी त्वचेवर तपकिरी डाग पडायचे, कपड्यांवर मात्र पडत नसत. त्यांनी ते द्रावण स्वतःच्या कातडीवर लावून पाहिलं आणि पुन्हा तेच घडलं. 1960च्या सुमारास कॉपरटोन कंपनीने याचं लोशन बाजारात आणलं. ते लावून माणसं नारिंगी व्हायची. या धंद्याची बदनामी तिथपासून सुरू झाली आणि अजून पुरती पुसली गेलेली नाही.

आता एक खुलासा, कारण गोंधळ नेमका इथे होतो. फवारा मारल्याबरोबर अंग लगेच तपकिरी दिसतं, ते डीएचएमुळे नाही. आपला हात कुठे फिरला आणि कुठे राहिला हे मारणाऱ्याला कळावं म्हणून द्रावणात एक साधा रंग मिसळलेला असतो. पहिल्या अंघोळीत मोरीत तपकिरी पाणी वाहतं ते याच रंगाचं. ते पाहून ‘सगळा टॅन गेला’ म्हणून घाबरायचं कारण नाही.

## रंग बसतो मेलेल्या पेशींत

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. बहुतेक अंगावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, म्हणजे नसल्यातच जमा. तळहात आणि तळपायावर मात्र तो कितीतरी पट जाड असतो. डीएचएचं काम मुख्यतः याच थरात चालतं. उन्हाने रापताना खालच्या जिवंत पेशी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात, त्याच्याशी या क्रियेचा काही संबंध नाही.

यातून तीन गोष्टी ओघाने येतात. मृत पेशी रोज झडत असतात, त्यामुळे टॅन पाच-सात दिवसांत फिकट होतो, फार तर दहा दिवस. तो साबणाने धुऊन जात नाही, कारण धुण्यासारखा वर बसलेलाच नसतो. तिसरी गोष्ट आपल्या कामाची. मृत थर जिथे जाड, कोरडा आणि खडबडीत, तिथे डीएचएला भिडायला जास्त प्रथिनं मिळतात, शिवाय भेगांमध्ये द्रावणही जास्त साचतं. फवारा सगळीकडे सारखाच बसला तरी रंग सारखा उमटत नाही, तो यामुळे.

कोपरावर बोट फिरवून पाहा आणि मग दंडाच्या आतल्या बाजूला फिरवा. उत्तर तिथल्या तिथे मिळेल.

## अवघड जागा दोन जातीच्या

पार्लरच्या सूचनांमध्ये ‘अवघड जागा’ म्हणून कोपर, गुडघा, घोटा, टाच, काख, मान, बोटं अशी सगळी एकत्र मोट बांधलेली असते. माझ्या मते निम्मे घोटाळे त्यामुळेच होतात. या जागा दोन वेगळ्या जातीच्या आहेत आणि त्यांना उपायही उलटसुलट लागतात.

पहिली जात जास्त रंग धरणाऱ्या जागांची. कोपर, गुडघा, घोटा, टाचेची कड, बोटांची पेरं, नखांच्या कडेची कातडी, तळवे. इथे मृत थर जाड असतो. चामखीळ, जुनी खरखरीत खपली, हनुवटीवर किंवा पायावर निघालेले कोरडे पोपडे हेही याच गटातले. या जागांना द्रावण कमी मिळालं पाहिजे.

दुसरी जात फवारा चुकवणाऱ्या जागांची. काखेची घडी, छातीखालची घडी, नितंबाखालची वळी, हनुवटीखालचा भाग, कानामागची जागा, बोटांमधल्या बेचक्या, मांडीची आतली बाजू. इथे कातडी पातळ आणि नितळ असते, पण फवारा तिथे पोचत नाही. पोचला तर घाम साचतो आणि कातडीला कातडी घासून रंग बसायच्या आतच पुसला जातो. या जागांना जास्त द्रावण नको, त्या फक्त उघड्या करायला हव्यात. काखेत पांढरी रेघ दिसली की माणूस घाबरून तिथे आणखी दोन हात मारतो, द्रावण ओघळतं आणि पांढऱ्या रेघेच्या शेजारी काळी रेघ तयार होते.

चेहऱ्याची तऱ्हा निराळी. तिथे रंग बसतो चांगला, पण टिकत नाही. चेहरा आपण वारंवार धुतो, वरून क्रीम चोळतो, दाढी करतो. त्यामुळे चार दिवसांनी अंग तपकिरी आणि चेहरा मूळ रंगाचा असा प्रकार होतो. सांधे काळे पडू नयेत म्हणून जी काळजी घ्यायची, ती चेहऱ्याला लावून काही उपयोग नाही. चेहऱ्यावर तीन-चार दिवसांनी हलका हात पुन्हा मारणं, एवढाच उपाय.

## तयारी आदल्या दिवशी, कसब वीस मिनिटांत

आदल्या दिवशी सगळं अंग हलक्या हाताने स्क्रब करायचं. सांध्यांवर जरा जास्त वेळ द्यायचा, पण लाल होईपर्यंत घासायचं नाही. अंग घासायची आपली साधी घासणी चालते. तेलकट उटणं मात्र नको, त्याचा थर मागे राहतो. वॅक्सिंग किंवा दाढीही आदल्या दिवशीच उरकायची. ताज्या उघड्या रंध्रांत द्रावण शिरलं की पायांवर काळे ठिपके दिसतात. त्या दिवशी डिओडरंट, अत्तर, बॉडी लोशन यांतलं काही नको. काखेत डिओडरंट असेल तर रंग हिरवट वळतो, अशी पार्लरवाल्यांची नेहमीची तक्रार असते.

पण लोशन नको म्हणता म्हणता एक अपवाद येतो. कोपर, गुडघे, घोटे, टाचा, पेरं आणि नखांच्या कडा यांवर फवाऱ्याच्या अगदी आधी साध्या क्रीमचा पातळ हात फिरवतात. हे क्रीम मध्ये आडवं येतं आणि डीएचएला पूर्ण भिडू देत नाही. जाड थापलं तर तिथे पांढरा चट्टा राहील, म्हणून बोटाला लागेल न लागेल इतकंच घ्यायचं आणि कडेला विरळ करत न्यायचं.

मग प्रत्यक्ष फवारा. हाताचा पंजा बघा, कारण टॅन खरा की खोटा हे लोक हातावरूनच ओळखतात. हात सरळ पसरून फवारा मारला तर पेरांवरच्या सुरकुत्या मिटलेल्या राहतात. मूठ वळली की त्या सुरकुत्यांच्या आतली कातडी पांढऱ्या रेघांसारखी उघडी पडते. म्हणून बोटं अर्धवट आखडून आणि एकमेकांपासून फाकवून धरायची. फवारा मनगटापर्यंत नेहमीसारखा आणायचा आणि पंजावर येताना फवाऱ्याची गन लांब घेऊन एकच झटकन हात मारायचा. लगेच ओल्या पुसणीने तळवा, नखं आणि तळव्याची कड पुसून घ्यायची. ही कड बहुतेकांकडून राहते. तिथे मागची कातडी संपून तळव्याची जाड कातडी सुरू होते आणि नारिंगी सीमारेषा नेमकी तिथे उमटते. कोरड्या मऊ ब्रशने ती पुसट करावी लागते.

कोपर वाकवूनच धरायचं, नाहीतर घडीत रंग साचतो. गुडघा किंचित वाकवायचा. घोट्याशी पुन्हा गन लांब घ्यायची आणि पायाच्या वरच्या भागावर पोटरीवरचा उरलासुरला रंगच ओढून न्यायचा, नवीन फवारा जवळजवळ नाहीच. काखेसाठी दोन्ही हात डोक्यावर, हनुवटीखालच्या भागासाठी मान मागे, नितंबाखालच्या वळीसाठी कमरेतून पुढे वाकायचं. घड्या उघडल्या की तेवढ्यात वाळूही द्यायच्या. घाई करून हात खाली घेतला तर केलेलं सगळं फुकट. वाळल्यावर घड्यांमध्ये थोडी साधी पावडर टिपली तर घाम रोखला जातो.

जुन्या जखमांचे गुळगुळीत व्रण आणि स्ट्रेच मार्क्स अनेकदा फिकट राहतात. व्यायाम करणाऱ्या मुलांच्या खांद्याच्या पुढच्या बाजूला ते हमखास असतात. तिथे बारीक ब्रशने वेगळा हात द्यावा लागतो.

## स्टेजवाल्यांचं गणित वेगळं

पार्लरमध्ये नैसर्गिक दिसणं हे ध्येय असतं. स्पर्धेत ते नसतंच. एकावर एक हात चढवले जातात, बहुधा आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गनऐवजी फोमचा तुकडा किंवा छोटा रोलर जास्त दिसतो. खेळाडू हात पसरून उभा, खाली वर्तमानपत्रं किंवा प्लास्टिक, आणि जिममधला मित्र पाठीवर रोलर फिरवतोय. रोलरने रुंद सपाट पाठ सुरेख निघते. गडबड होते ती बरगड्यांवर आणि काखेत, कारण रोलर घडीत शिरत नाही. मित्र मग तिथे थापट्या मारत सुटतो.

या रंगाबाबत नियमही आहेत. शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयएफबीबीच्या नियमांत पुसल्यावर निघून येणारा रंग चालत नाही, तसं आढळलं तर स्टेजवर जाण्याआधी तो पुसायला लावतात. तेलाचा अतिरेकही चालत नाही. डीएचएचा थर आधी चांगला मुरू देणं म्हणून महत्त्वाचं.

आणि चेहरा विसरू नका. मानेपर्यंत ब्राँझ आणि वर मूळचा चेहरा, असे फोटो दर वर्षी दिसतात.

## पुढचे सहा-आठ तास

ही क्रिया चालू असताना पाणी लागलं की तेवढ्या जागी ती अर्धवट राहते. भांडी घासणं, घाम, पाऊस, डोळ्यांतलं पाणी, सगळंच वर्ज्य. मुंबईच्या मे महिन्यात एसीशिवाय हे जमवणं कठीणच. घट्ट ब्रा, मोजे, इलॅस्टिक घातलं तर त्याची रेघ उठते, म्हणून सैल आणि गडद कपडे. हॉटेलात उतरणारे खेळाडू स्वतःची जुनी गडद चादर सोबत नेतात, कारण वरच्या साध्या रंगाने डागाळलेल्या चादरीचे पैसे शेवटी खोलीच्या बिलात येतात. झोपेत तळहात गालाखाली घेऊन झोपलात तर सकाळी गालावर पट्टा आणि तळवा तपकिरी.

डाग पडलाच तर? गडद डाग कोमट पाण्यात भिजवून, तेल चोळून, हलक्या स्क्रबने थोडा उतरवता येतो. पूर्ण जाण्यासाठी पेशी झडण्याची वाटच पाहावी लागते. फिकट जागा भरून काढणं सोपं असतं, काळी पडलेली उजळवणं अवघड. म्हणून शंका आली की हात आखडता ठेवायचा.

नारिंगी रंगाचं काय? फिकट कातडीवर गरजेपेक्षा जास्त डीएचए गेलं की तो उठतो. गोऱ्या माणसाने ‘एकदम डार्क’ मागितलं की हेच होतं. आजकालच्या द्रावणांत हिरवट किंवा जांभळट झाक मिसळतात ती नारिंगीपणा दाबायला. काहींत एरिथ्रुलोज नावाची दुसरी साखरही असते. ती सावकाश रंगते आणि जाताना रंग चट्ट्याचट्ट्यांनी निघत नाही.

## एवढा खटाटोप करण्यापेक्षा उन्हात का बसू नये?

कारण ऊन आणि टॅनिंगचे दिवे, म्हणजे अंग रापवणारे अतिनील किरणांचे दिवे, खालच्या जिवंत पेशींना इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 साली टॅनिंगच्या दिव्यांना तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या रांगेत, म्हणजे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठीच्या टॅनिंग यंत्रांवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी 2016च्या सुरुवातीपर्यंत असे व्यावसायिक दिवे बंद केले. फवाऱ्याचा बाजार तिकडे वाढला त्यामागे हेही एक कारण आहे.

पण टॅन केला म्हणजे ऊन बाधत नाही, ही समजूत चुकीची. हा तपकिरी रंग अतिनील किरणांना फारच थोडा अडवतो. सनस्क्रीन नसलेल्या टॅनिंग उत्पादनांवर ‘हे उन्हापासून संरक्षण करत नाही’ असा इशारा छापणं अमेरिकेत बंधनकारक आहे. सिडनीत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळींनी टॅनवरही सनस्क्रीन लावायलाच हवं.

फवारा श्वासात गेला तर, हा रास्त प्रश्न आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची डीएचएला परवानगी आहे ती अंगाला बाहेरून लावण्यापुरती. डोळे, ओठ, नाकातोंडाची आतली ओली त्वचा यांवर ते जाऊ नये आणि फवारा हुंगला जाऊ नये, असं ते स्पष्ट सांगतात. म्हणून डोळ्यांवर कवच, ओठांवर बामचा थर, नाकात फिल्टर आणि खोलीत हवा खेळती. यातलं काहीच न देणाऱ्या पार्लरमधून खुशाल परत फिरा. दमा असेल तर फवाऱ्याच्या भानगडीत न पडता हाताने लावायचं लोशन बरं. आणि कोणतंही उत्पादन आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

समाजमाध्यमांवर सध्या ‘टॅनिंग स्प्रे’ म्हणून नाकात मारायचा फवाराही विकला जातो. तो हा नाही. त्यात मेलॅनोटॅन नावाचा पदार्थ असतो, जो शरीरात जाऊन मेलॅनिन बनवायला लावतो. अशा फवाऱ्याला मान्यता नाही आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या औषध नियंत्रकांनी त्याविरुद्ध इशारे दिले आहेत. नावसाधर्म्यामुळे फसू नका.

## कोडाच्या डागांवर चालतो का?

आपल्याकडे या विषयाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. कोडात, म्हणजे व्हिटिलिगोत, मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात. डीएचएला मेलॅनिन लागतच नाही, त्यामुळे पांढऱ्या डागावरही ते तपकिरी रंग उमटवतं. मेकअपसारखा हा रंग शर्टाच्या कॉलरला लागत नाही आणि काही दिवस टिकतो. त्वचारोगतज्ज्ञ डाग झाकण्यासाठी त्याचा वापर सुचवतात तो यामुळे. हा उपचार नव्हे, आच्छादन आहे.

अडचण अशी, की कोड बऱ्याचदा बोटं, मनगट, कोपर, गुडघे, घोटे आणि ओठांच्या कडांवर येतं. म्हणजे टॅनच्या अवघड जागांचीच यादी. त्यात इथे फवारा चालत नाही, कारण आजूबाजूची धडधाकट त्वचाही गडद होऊन डागाची कड तशीच राहील. कानकोरण्याच्या कापसाने किंवा बारीक ब्रशने डागाच्या कडेच्या किंचित आत लावायचं, तासाभराने नव्हे, दुसऱ्या दिवशी पाहायचं, आणि कमी वाटलं तरच पुन्हा हात द्यायचा. सावळ्या रंगाशी जुळायला दोन-तीन पातळ हात लागतात, एका जाड हाताने ते साधत नाही. कोपराच्या डागावर क्रीमचा विरळ हात आधी, हे इथेही लागू. बोटांवरचा रंग हात धुण्याने लवकर उतरतो, तो दर दोन-तीन दिवसांनी लावावा लागेल. ओठांवर मात्र डीएचए लावायचं नाही, तिथे मेकअपच.

प्रकाशोपचार चालू असतील तर लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. रंगलेला थर उपचाराच्या किरणांपैकी काही अडवू शकतो आणि डोस ठरवताना त्यांना ते माहीत असायला हवं.